सिंगल स्टेजवरून प्रोग्रेसिव्हवर: काडतूस भरायचं मशीन नेमकं काय करतं

माझा आतेभाऊ मूळचा आमच्या औसा तालुक्यातला, बरीच वर्षं झाली आता टेक्सासला असतो, आणि तिथं त्याला पिस्तुलाच्या मॅचेस खेळायचा नाद लागलाय. पळत पळत टार्गेट मारायची ती प्रॅक्टिकल शूटिंग असते ना, तीच. काडतुसं तो घरीच भरतो. मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, तू प्रेस शॉपमधला माणूस हाईस, सांग बरं, सिंगल स्टेज सोडून प्रोग्रेसिव्ह मशीन घेऊ का?" मी वाळूजला प्रेस आणि डायवरच, म्हणजे धातूला दाबून आकार देणाऱ्या साच्यावर, काम करतो, त्यामुळं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका ओढीत सगळे टप्पे करणारं, हा शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातला, पण काडतुसाचं मला काहीच माहीत नव्हतं. मग चार-पाच महिने तो कॅमेरा लावून दाखवत गेला, मी विचारत गेलो, वाचत गेलो, आणि लक्षात आलं की हा विषय मराठीत कुणी नीट उलगडून सांगितलेलाच नाही, म्हणून लिहायलोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण वाचणाऱ्यात तरणी पोरं पण असतात. हे सगळं तिकडचं आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचं लायसन लागत नाही, विकायचं असेल तर मात्र लागतं. आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गंभीर गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. आणि कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचली तर त्यात काडतूस बनवायची मशिनरी सुद्धा येते, म्हणजे नुसतं मशीन आणून ठेवलं तरी भानगड. तर हे वाचा समजून घ्यायला, मशीन म्हणून, करून बघायला नाही.

आता काडतूस म्हणजे काय ते बघू. चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेला प्रायमर, आत पावडर, आणि तोंडाला बसवलेली बुलेट. आपण सरसकट सगळ्याला गोळी म्हणतो, पण गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा. पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, पावडर जळून गॅस होतो, गॅस बुलेटला ढकलतो. साध्या ९ एमएमच्या काडतुसात हा दाब जास्तीत जास्त ३५,००० पीएसआयपर्यंत चालतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३३-३५ पीएसआय असतो, म्हणजे त्याच्या हजारपट, आणि तो तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढं सारखा लागणार आहे.

फायर झाल्यावर चारपैकी तीन भाग संपतात, पुंगळी उरते. पितळ का, तर ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं हे पितळ दाबाखाली फुगतं, चेंबरला, म्हणजे बंदुकीतल्या काडतूस बसायच्या जागेला, घट्ट चिकटतं, गॅस मागं येऊ देत नाही, आणि दाब गेला की जरासं आत येऊन सुटं होतं. पण पूर्ण मूळ मापावर येत नाही. म्हणून ती परत वापरायची तर आधी डायमध्ये दाबून मापात आणावी लागते. आमच्या भाषेत सायझिंग. प्रत्येक वेळी फुगून दाबून पितळ कडक होत जातं आणि शेवटी तोंडाला चिरतं, मग ती पुंगळी भंगारात.

एक शंका बऱ्याच जणांना येईल म्हणून सांगतो, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलला ब्राँझ घेतलं, ती काडतुसं अशी भरतात का? नाही. ती पॉइंट २२ ची असतात, त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच ओतलेला असतो, वेगळा प्रायमर नसतो, त्यामुळं एकदा फुटली की फेकायचीच. परत भरता येतात ती सेंटरफायर, मधोमध प्रायमर असलेली.

तर कामं किती? जुना प्रायमर काढणे, पुंगळी मापात आणणे, नवा प्रायमर दाबणे, तोंड जरासं फाकवणे म्हणजे बुलेट बसेल, पावडर टाकणे, बुलेट दाबणे, आणि फाकवलेलं तोंड परत सरळ करणे. सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय लागते. त्यामुळं माणूस बॅचनं काम करतो. १०० पुंगळ्या सगळ्या सायझिंग करून घ्यायच्या, डाय बदलायची, सगळ्यांची तोंडं फाकवायची, मग लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या करून पावडर टाकायची, टॉर्च घेऊन वरून सगळ्या ठोकळ्यावर एक नजर मारायची, मग बुलेटा. एक पुंगळी पाच-सहा वेळा हातात येते. काम सावकाश, पण प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक नग तुमच्या बोटांनी तपासलेला असतो, आणि ते कुणी मुद्दाम करत नाही, ते आपोआप होतं. हे वाक्य महत्त्वाचं आहे.

मध्ये एक टरेट प्रेस असते, त्यात तीन-चार डाय गोल डोक्यावर बसवलेल्या असतात, डाय बदलायचा वेळ वाचतो, पण पुंगळी अजून एकच. आमच्याकडची टरेट लेथ बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

प्रोग्रेसिव्हमध्ये उलटं. डाय जागच्या जागी, आणि पुंगळ्या एका गोल प्लेटवर बसून एका डायखालून दुसऱ्या डायखाली जातात. शेलप्लेट म्हणतात तिला. पाच स्टेशनचं मशीन असेल तर प्लेटवर एका वेळी पाच पुंगळ्या, पाच वेगवेगळ्या अवस्थेत. हँडल एकदा खाली ओढलं की पहिल्या स्टेशनला सायझिंग होतं, दुसऱ्याला पावडर पडते, तिसऱ्याला पावडरीची पातळी तपासली जाते, चौथ्याला बुलेट बसते, पाचव्याला तोंड सरळ होतं, सगळं एकाच ओढीत, आणि हँडल वर नेताना दुसऱ्या जागी प्रायमर बसतो. पहिल्या चार ओढींना हाताला काही लागत नाही, पाचव्या ओढीला पहिलं काडतूस तयार, आणि तिथून पुढं दर ओढीला एक. आमच्या प्रोग्रेसिव्ह डायमध्ये पण हेच असतं, पत्र्याच्या कॉइलचं तोंड घातल्यावर पहिले काही स्ट्रोक अर्धवट तुकडे, मग पट्टी भरली की स्ट्रोकला एक पार्ट.

अमेरिकेत ह्या मशीनमध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या डिलनचं नाव सगळ्यात आधी निघतं, हॉर्नेडी, आरसीबीएस, ली हे पण बनवतात. डिलनचं ५५० म्हणजे चार स्टेशनचं आणि प्लेट हातानं फिरवायची, ७५० म्हणजे पाच स्टेशनचं आणि प्लेट आपोआप फिरते, ११०० ला आठ स्टेशन. आपोआप फिरणाऱ्याला ऑटो इंडेक्स म्हणतात. हा फरक छोटा वाटतो पण सगळी मेख तिथंच आहे, पुढं सांगतो.

वेगाचा हिशोब असा, सिंगल स्टेजवर सराव असलेल्या माणसाची तासाला पन्नास ते शंभर काडतुसं होतात, आणि प्रोग्रेसिव्हवर घाई न करता चारशेच्या आसपास. आतेभावाला सराव आणि मॅच धरून आठवड्याला तीनशे लागायची. म्हणजे त्याचा अख्खा रविवार गॅरेजमध्ये जायचा, लेकरं दारात उभी राहून बघायची, बाबा कधी येणार म्हणून. त्याचं दुखणं ते होतं. पैसे वाचतात हे खरं, कारण महागाची पुंगळी परत वापरायची असते, पण ९ एमएम सारख्या स्वस्त काडतुसात फार वाचत नाहीत, आणि २०२० नंतर तिथं प्रायमरची टंचाई आली तेव्हा तर ते गणितच बिघडलं होतं. वेळ वाचतो, मुख्य फायदा तो.

आता माझं म्हणणं. मी त्याला सांगितलं, तुला तिफण आठवते का?

आमच्या शेतात आज्जा तिफणीनं पेरायचा. तीन फण, तीन नळ्या, वर चाडं, आणि चाड्यावर मूठ धरून आज्जी चालायची. बी तिच्या मुठीतून बोटाबोटानं सुटायचं. एखादी नळी मातीनं तुंबली तर चाड्यात बी साचायचं आणि तिच्या बोटांना ते लगेच लागायचं, ती "हो हो" करून बैल थांबवायची. मग ट्रॅक्टरची पेरणी आली. पेटीत बी ओता, दिवसात दहा एकर. पण नळी तुंबली तर? ड्रायव्हरला समोरचं दिसतं, मागचं नाही. सोयाबीन आठ दिवसांनी उगवून येतं आणि मग दिसतं की एक अख्खं तास मोकळं गेलंय, बांधापासून बांधापर्यंत. म्हणून शहाणा माणूस पेरणी यंत्राच्या मागं एक माणूस ठेवतो, त्याचं काम फक्त नळ्यांकडं बघायचं. तो बी टाकत नाही, काहीच करत नाही, बघतो.

सिंगल स्टेज म्हणजे तिफण. प्रोग्रेसिव्ह म्हणजे ट्रॅक्टर. मशीन घेतल्यावर तुमचं काम बदलतं, तुम्ही भरणारे राहत नाही, तुम्ही नळ्यांकडं बघणारा माणूस बनता. जो हे मान्य करत नाही आणि नुसता वेगासाठी घेतो त्यानं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काडतुसात नळी तुंबली तर काय होतं ते बघा. पावडरचं माप हे वजनानं नसतं, आकारमानानं असतं, एक छोटी पोकळी भरते आणि रिकामी होते, चाड्यासारखंच. पावडरचे दाणे कधी एकमेकांत अडकून पूल बांधतात आणि पुंगळीत काहीच पडत नाही, किंवा अर्धंच पडतं. असं काडतूस बाहेरून अगदी चांगलं दिसतं. झाडलं तर एकट्या प्रायमरचा जोर बुलेटला पुंगळीतून काढून बॅरलमध्ये ढकलतो आणि ती तिथंच अडकते. आवाज नेहमीसारखा धाड येत नाही, फुस्स येतो. त्याला स्क्विब म्हणतात. मॅचच्या नादात माणसानं तो आवाज ऐकला नाही आणि पुढची गोळी मारली, तर समोर बॅरल बंद आणि मागून तो हजार टायरांचा दाब. बॅरल फुगते, फुटते, हाताला इजा होते. म्हणून रेंजवरचे लोक असा आवाज आला की ओरडून थांबवतात.

दुसरी चूक ह्याच्या उलट, एकाच पुंगळीत दोनदा पावडर. आणि इथं हातानं फिरवायच्या प्लेटची गोष्ट येते. आतेभावानं आधी एका मित्राचं तसलं मशीन महिनाभर वापरून बघितलं होतं. एक दिवस हँडल खाली, पावडर पडली, आणि तेवढ्यात बायकोचा फोन, शाळेतून लेकराला आणायचं होतं. पाच मिनिटं बोलला, परत आला, प्लेट फिरवली का नाही हे आठवेना, फिरवली असेल असं धरून हँडल ओढलं. पुंगळीच्या तोंडातून पावडर ओसंडून प्लेटवर सांडली, करड्या रंगाचे बारीक चपटे कण, अगदी खसखशीसारखे पसरले. तो म्हणला, "दादा, मी तिथंच खाली बसलो." ती सांडली म्हणून वाचला. त्यानं फुगीर पावडर निवडली होती, जी कमी वजनात जास्त जागा घेते, त्यामुळं दुप्पट मावलीच नाही. तीच बारीक आणि जड पावडर असती तर दोन मापं आरामात बसली असती आणि वर बुलेट बसून काडतूस डब्यात गेलं असतं. पॉइंट ३८ स्पेशल ह्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात हा धोका जास्त, कारण ते काडतूस १८९८ च्या सुमारास काळ्या बारूदासाठी काढलेलं, पुंगळी मोठी, आणि आजची पावडर तिच्या तळाला पडून राहते, दुप्पट टाकली तरी वरून चटकन कळत नाही.

मग ऑटो इंडेक्स घेतलं की संपलं का? नाही. प्लेट आपोआप फिरते म्हणून एकाच पुंगळीत दोनदा पडायची शक्यता कमी होते, पण मध्येच काही अडकलं, हँडल अर्ध्यात थांबवून मागं घेतलं, परत ओढलं, की तिथं तीच गडबड. नियम एकच, काहीही अडकलं की प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला, पावडर परत डब्यात, आणि नव्यानं सुरुवात. पाच पुंगळ्या गेल्या तर गेल्या. आमच्याकडं मिसफीड झाला, म्हणजे पट्टी नीट सरकली नाही, की पट्टी कापून काढतात आणि पुन्हा पहिल्यापासून घालतात, कुणी तो अर्धवट पार्ट वाचवायला जात नाही.

बघायचं कसं, तर बुलेट ठेवायच्या आधी डोळ्यानं पुंगळीत बघायचं. प्रत्येक. एकही सोडायची नाही. त्यासाठी आतेभावानं डायच्या मधोमध वरून खाली उजेड पडेल अशी एलईडी पट्टी लावली, मी व्हिडिओवर बघितलं तेव्हा पुंगळीच्या तळाशी पावडर कशी दिसते ते मला लातूरला आईच्या घरी बसून दिसत होतं. तिसऱ्या स्टेशनला पावडर चेक डाय असते, ती पातळी कमी-जास्त झाली की वाजते किंवा मशीन अडवते, ती घ्यावीच, पण ती डोळ्याच्या ऐवजी नाही. शिवाय दर दहा-वीस नगांनी एक पुंगळी काढून पावडर काट्यावर वजन करायची.

वजनावरून आठवलं, हे लोक ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. सराफाच्या दुकानातला आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, ११.६६ ग्रॅम, आणि तिकडं रायफलची १८० ग्रेनची बुलेट फार चालते, म्हणजे एक बुलेट एक तोळा. गुंज साधारण दोन ग्रेनला जरा कमी. ९ एमएमला पावडर अर्ध्या ग्रॅमहून कमी लागते, म्हणजे चार गुंजांच्या आतच, सोनाराच्या काट्याचं काम आहे हे. नेमकी किती टाकायची ते पावडर बनवणाऱ्याच्या छापील मॅन्युअलमधूनच घेतात, मित्रानं सांगितलेलं किंवा कुठं वाचलेलं चालत नाही, आणि सुरुवात तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून करतात.

प्रायमरचं वेगळं. सिंगल स्टेजवर प्रायमर बसताना हाताला जाणवतं, जसं नट शेवटच्या आट्याला घट्ट लागतो तसं. प्रोग्रेसिव्हवर पण ते जाणवतं, कारण प्रायमर बसतो तो हँडल पुढं ढकलताना, पण बाकीच्या स्टेशनांकडं पण लक्ष द्यावं लागतं, त्यामुळं ती जाणीव बोथट होते. प्रायमर उंच राहिला, आडवा बसला, उलटा बसला, हे नंतर बोट फिरवून तपासावं लागतं. तयार काडतुसं डब्यात बुडं वर करून ठेवली की एका नजरेत शंभर प्रायमर दिसतात. आणि प्रायमर नळीत एकावर एक शंभर असतात, एक फुटला तर बाकीचे पण लागोपाठ फुटू शकतात, म्हणून चष्मा घातल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही आणि जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं. ते जोर लावून बसवायचं काम नाही.

सेटिंगमधली एक गोष्ट आतेभावाला कुणी सांगितली नव्हती, ती मला प्रेस शॉपमुळं सुचली. तो म्हणाला, काडतुसाची लांबी जुळवून घेतो आणि काम सुरू केलं की बदलते. मी विचारलं, जुळवताना प्लेटवर किती पुंगळ्या होत्या? म्हणाला, एकच. तिथंच चूक होती. पाच पुंगळ्या असताना सगळ्यात जास्त जोर सायझिंगला लागतो, प्लेट त्या बाजूला सुतभर का होईना झुकते, आणि बुलेट बसायची खोली बदलते. डायचं सेटिंग नेहमी प्लेट भरलेली असताना तपासायचं. आम्ही डाय ट्रायलला कधी एकाच स्टेशनचा पार्ट बघून पास करतो का? त्यानं तसं केल्यावर कॅलिपरवर फरक निम्म्याहून कमी झाला.

कुणी घेऊ नये? ज्याला महिन्याला शंभर-दोनशे लागतात त्यानं नाही. लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यांना एकेक काडतूस सारखं हवं असतं, ते अजून सिंगल स्टेजवरच पावडर वजन करून भरतात आणि त्यांचं बरोबर आहे. ज्याला चार-पाच वेगवेगळी कॅलिबर, म्हणजे वेगवेगळ्या मापाची काडतुसं, भरायची आहेत त्यानं आधी हिशोब करावा, कारण प्रत्येक कॅलिबरला शेलप्लेट, डाय, बऱ्याचदा डाय बसवायचं डोकं पण वेगळं, आणि प्रायमर छोटा-मोठा बदलायचा तर अर्धा तास मशीन उघडायचं. लष्करी वापरातल्या पुंगळ्या असतील तर त्यांचा प्रायमर कडेनं ठोकून पक्का केलेला असतो, तो काढून जागा साफ केल्याशिवाय नवा बसत नाही, आणि एक अडकली की अख्खं मशीन थांबतं. आणि ज्यानं सिंगल स्टेजवर हजारभर पण भरलेली नाहीत त्यानं तर मुळीच नाही, कारण कुठल्या टप्प्याला काय बिघडतं हे ज्याच्या हाताला माहीत नाही त्याला पाच टप्पे एकदम चालू असताना काय बघायचं ते कळणार नाही.

अजून एक, ह्यावर लोक कमी बोलतात. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. पुंगळ्या साफ करायच्या मशीनमधल्या धुळीत ते सगळं जमा होतं. वेग वाढला की शिसं पण वाढतं, कारण आठवड्याला तीनशे पुंगळ्या हाताखालून जातात. लेकरांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही, तिथं खायचं-प्यायचं नाही, काम झालं की गार पाण्यानं आणि साबणानं हात धुवायचे, कपडे वेगळे. मी हे त्याला तीनदा बजावलं, कारण त्याची धाकटी चार वर्षांची आहे आणि तिला चकचकीत पितळ उचलायचा फार सोस.

त्यानं शेवटी ऑटो इंडेक्सवालं पाच स्टेशनचं घेतलं. पुंगळ्या आणि बुलेट आपोआप घालणारे केस फीडर, बुलेट फीडर काहीच घेतलं नाही, बुलेट हातानेच ठेवतो, कारण बुलेट ठेवायला हात जातो तेव्हा नजर पण पुंगळीत जाते. फोन बाहेरच्या खोलीत. पहिल्या महिन्यात त्यानं तासाला दीडशेच्या वर भरलीच नाहीत. जुनी सिंगल स्टेज विकली नाही, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बोल्ट करून ठेवली, बिघडलेल्या काडतुसाची बुलेट ओढून काढायला आणि नवीन पावडरचे पहिले वीस नग भरून बघायला. परवा कॉल केला तर दुपारी तीनला रविवारी घरात होता, लेकरं अंगावर चढलेली, आणि मागं गॅरेजचं दार कुलूप लावून बंद होतं.